एकच घड्याळ घ्यायचंय: सबमरीनर (तारखेचं की बिनतारखेचं) की एक्सप्लोरर ३६?

पहाटवारा
नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं मनात असलेलं घड्याळ आता घ्यायचं ठरवलंय. एकच घेणार आणि तेच रोज घालणार. तिजोरीत ठेवायला नकोय. कंपनी रोलेक्स, हे पक्कं झालंय. अडलंय ते मॉडेलवर.

तीन घड्याळं डोक्यात फिरताहेत. तारखेचं सबमरीनर (१२६६१०), बिनतारखेचं सबमरीनर (१२४०६०) आणि ३६ मिमीचं एक्सप्लोरर (१२४२७०). तिन्ही स्टीलची, काळ्या तबकडीची.

माझं मनगट १६.५ सेंमी आहे, वरून सपाट. रोज सकाळी दीड तास लहान मुलांना पोहायला शिकवतो, त्यामुळे घड्याळ पाण्यात जाणारच. नंतर दिवसभर पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत. तिथे नमुन्यांच्या बाटल्यांवर सारखी तारीख लिहावी लागते, म्हणून तारखेची खिडकी हवीशी वाटते. पण तारखेवरचं ते फुगीर भिंग मला खटकतं. बिनतारखेच्या सबमरीनरची तबकडी बघितली की डोळे निवतात. आणि एक्सप्लोरर घातलं की मनगटावर काही आहे हेच विसरायला होतं.

तीन महिने झाले, रोज मत बदलतंय. ज्यांनी ही घड्याळं खरंच वापरली आहेत त्यांनी लिहा ना.

निळी_बेझल
बिनतारखेचं सबमरीनर. डोळे मिटून घ्या. पुढचे प्रतिसाद वाचायचीही गरज नाही.

आजोबा६८
निळी_बेझल, इतकी घाई नको. :)
पहाटवारा, तुमचं वय काय ते लिहिलं नाहीत. विचारतोय कारण ते भिंग तारीख अडीचपट मोठी दाखवतं. चाळिशीत मलाही ते चामखिळीसारखं वाटायचं. आता चष्मा घरात कुठेतरी राहिलेला असतो आणि तारीख तेवढी लख्ख दिसते. आयुष्यभराचं एकच घड्याळ म्हणताय, तर साठीनंतरच्या डोळ्यांचाही आत्ताच विचार करा.

पहाटवारा
काका, ४३ पूर्ण. चष्मा अजून नाही, पण औषधाच्या बाटलीवरची अक्षरं हल्ली लांब धरून वाचतो. तुमचा मुद्दा मनात राहील.

रेवा_
३६ मिमी मनगटावर "लहान" दिसेल असं कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच लिहिते. एक्सप्लोरर १९५३ साली आलं आणि पुढे कित्येक दशकं ते ३६ मिमीचंच होतं. २०१० मध्ये ३९ केलं, २०२१ मध्ये परत ३६ वर आणलं. ४० मिमीचं २०२३ मध्ये आलं, तेही ३६ च्या जोडीला. म्हणजे ३६ हे त्याचं मूळ माप आहे.

आणि दुसरी बाजूही सांगते. माझं मनगट १५ सेंमी आहे आणि मी सात वर्षं ४० मिमीचं जुनं सबमरीनर (११४०६०) घालते. बायकांचं माप, पुरुषांचं माप असं काही नसतं. पट्टा जिथे अडकतो ती वरची-खालची टोकं मनगटाबाहेर लोंबत नाहीत ना, एवढंच बघायचं. सबमरीनरमध्ये हे अंतर साधारण ४८ मिमी भरतं, एक्सप्लोरर ३६ मध्ये ४३ च्या आसपास. पहाटवारा, मनगट वरून सपाट आहे म्हणालात. त्या सपाट भागाची रुंदी फूटपट्टीनं मोजा. घेर किती यापेक्षा ती रुंदी जास्त उपयोगाची.

पहाटवारा
आत्ताच मोजली. ५१ मिमी. म्हणजे दोन्ही बसतात. प्रश्न जिथे होता तिथेच!

दोलक
मी घड्याळदुरुस्तीत आहे, पंचवीस वर्षं झाली. चार गोष्टी लिहितो.

एक्सप्लोरर ३६ आणि बिनतारखेचं सबमरीनर, दोन्हींच्या पोटात एकच यंत्र आहे, ३२३०. तारखेच्या सबमरीनरमध्ये त्याचंच तारखेचं भावंड, ३२३५. तिन्ही साधारण ७० तास चालतात. शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलंत आणि सोमवारी सकाळी नऊला घातलंत तर ६२ तास होतात, घड्याळ चालूच असेल. वेळेच्या अचूकतेत तिन्ही सारखीच, दिवसाला दोन सेकंद पुढे किंवा मागे, याच्या आत. तेव्हा "कुठलं यंत्र चांगलं" हा प्रश्न इथे उरतच नाही. फरक आहे तो अंगरख्याचा.

आता पाणी. सबमरीनर ३०० मीटर, एक्सप्लोरर १०० मीटर. लोक १०० ऐकून घाबरतात. पाण्यात दर १० मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. हौशी पाणबुड्यांची मर्यादाच ४० मीटर असते आणि तुमचा तलाव फार तर चार मीटर खोल असेल. पोहण्यासाठी एक्सप्लोरर पुरून उरतं. माझ्याकडे पाणी शिरलेली जी घड्याळं येतात, त्यातली बहुतेक खोलीमुळे बिघडलेली नसतात. चावी नीट फिरवून बसवलेली नसते, नाहीतर रबरी गॅस्केट म्हातारं झालेलं असतं. सबमरीनरच्या चावीवर रोलेक्सच्या मुकुटाच्या खुणेखाली तीन ठिपके दिसतात, ती ट्रिपलॉक चावी. एक्सप्लोररला ट्विनलॉक आहे. दोन्ही आट्यांनी घट्ट बसतात. पण बसवणारा हात आपलाच असतो!

पाण्यातून बाहेर आलात की नळाखाली साध्या पाण्यानं धुवा. तलावातलं क्लोरीन पट्ट्याच्या सांध्यांत राहू देऊ नका. रोज पोहणार असाल तर वर्षातून एकदा पाण्याच्या दाबाची तपासणी करून घ्या.

निळी_बेझल
दोलकदादा, सगळं मान्य. पण बेझलचं, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याचं काय? फिरवायला मिळणं हाच तर सबमरीनरचा जीव आहे. १२० टिकटिकी, एकाच दिशेनं फिरणारी. चुकून धक्का लागला तरी ती गेलेला वेळ जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. म्हणजे पाण्याखालचा माणूस लवकर वर येतो, उशिरा नाही. इतका विचार त्या एका कड्यात भरलाय. मी रोज काही ना काही मोजतो तिच्यावर. व्यायामातली विश्रांती, आईच्या डोळ्यांत दोन औषधांमधली पाच मिनिटं, गाडी लावल्यापासूनची वेळ. फोन काढायचा, कुलूप उघडायचं, तोवर तीन निरोप दिसतात आणि काय मोजायचं होतं तेच विसरतो.

चांद्रवीर
धागा रोलेक्सचा आहे हे कळतंय, तरी एकदा ओमेगाचं स्पीडमास्टर हातात घेऊन बघाच. नासानं १ मार्च १९६५ ला अंतराळ मोहिमांसाठी ते मंजूर केलं. १९६९ मध्ये चंद्रावर उतरल्यावर यानातलं घड्याळ बंद पडलेलं होतं, म्हणून आर्मस्ट्राँगनं आपलं स्पीडमास्टर त्याच्या जागी यानातच ठेवलं. चंद्राच्या जमिनीवर गेलं ते ऑल्ड्रिनच्या मनगटावरचं. रोज सकाळी किल्ली द्यायची, हेसालाइटच्या (एक प्रकारचं प्लास्टिक) काचेवर ओरखडा आला तर पॉलिशची पेस्ट लावून दहा मिनिटं घासायची, काच परत नवी. घड्याळाशी असं रोजचं नातं दुसऱ्या कशात नाही.

दोलक
चांद्रवीर, घड्याळ सुंदरच आहे, माझ्याकडेही आहे. पण ५० मीटरचं, आणि पाण्यात असताना बटणं दाबायची नसतात. रोज दीड तास तलावात असणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

चांद्रवीर
हे मात्र खरं. माघार.

दोन_गावं
मग रोलेक्सचंच जीएमटी-मास्टर का नको? पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांसाठी पन्नासच्या दशकात बनवलेलं घड्याळ, ४० मिमी, १०० मीटर, तारीखही आहे. माझा मुलगा परदेशी असतो. चोवीस तासांच्या काट्याकडे एक नजर टाकली की तो झोपलाय की जागा आहे ते कळतं, फोन करण्याआधी हिशेब करावा लागत नाही.

एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. तारीख लावायची वेगळी सोय त्यात नाही. तासकाटा एकेक तास उडी मारत पुढे-मागे न्यायचा, मध्यरात्र ओलांडली की तारीख बदलते. एका दिवसाला २४ उड्या. आजारपणात घड्याळ दहा दिवस बंद पडलं होतं, तेव्हा खिडकीशी बसून २४० उड्या मोजल्या होत्या.

पहाटवारा
दोन_गावं, तुमचं वाचून मोह झाला. पण माझी सगळी माणसं एकाच गावात आहेत, तो काटा माझ्याकडे बिनकामाचा फिरत राहील.

कुंभारमाती
तारखेबद्दल. वर्षात पाच महिने ३१ चे नसतात. म्हणजे वर्षातून पाचदा, १ मार्च, १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ डिसेंबरला चावी उघडून तारीख सरकवायची. मी हमखास विसरतो आणि चुकीची तारीख मनगटावर घेऊन फिरतो. चुकीच्या तारखेपेक्षा तारीख नसलेली बरी, हे माझं ठाम मत. आता बिनतारखेचं वापरतोय, चार वर्षं झाली. घड्याळ बंद पडलं तर वेळ लावली की संपलं.

आजोबा६८
वर्षातून पाचदा चावी फिरवायला काय श्रम पडतात हो? मला ती पहिली तारीख आवडते. सकाळी चहा घेताना तारीख सरकवली की नवा महिना लागला असं वाटतं.

रसायन_ताई
पहाटवारा, तुम्ही पाणी तपासणीत आहात म्हणून विचारते, मीही त्याच कामात एकवीस वर्षं होते. हातमोजे घालता ना? आणि हायड्रोक्लोरिक आम्ल हाताळता?

पहाटवारा
हो ताई, दोन्ही रोजचंच. बीओडी, सीओडी (पाण्यातल्या घाणीला किती ऑक्सिजन लागतो त्याच्या चाचण्या), क्षारता, क्लोराइड. नायट्राइलचे मोजे दिवसाला सात-आठ जोड्या होतात.

रसायन_ताई
मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर तबकडीत सापडायचं नाही, ते मोज्यात आहे.

रोलेक्सचं ९०४एल स्टील गंजाला फार चांगलं तोंड देतं, पण हायड्रोक्लोरिकपुढे कुठल्याच स्टीलची खात्री देऊ नये. क्लोराइड स्टीलला बारीक बारीक खड्डे पाडतं. वाफसुद्धा नको. माझ्या एका सहकाऱ्याच्या घड्याळाचा पट्टा आम्लाच्या बाटल्यांशेजारच्या खणात सहा महिने राहिला होता. पाठच्या बाजूनं मिठाच्या खड्यासारखा खरखरीत झाला. म्हणजे एक तर काम करताना घड्याळ काढून दूर ठेवायचं, नाहीतर ते पूर्ण मोज्याच्या आत हवं. मोज्याची कड घड्याळावर अर्धवट चढलेली असते तेव्हा तर सगळ्यात वाईट, थेंब आत गेला तर तिथेच कोंडून राहतो.

आता सबमरीनरची बेझल आठवा. पकडायला सोपी जावी म्हणून कडेनं खाचा असतात. मोजा ओढताना कड त्या खाचांत अडकणार आणि फाटणार. मी खाचा असलेलं (दुसऱ्या कंपनीचं) डायव्हर घालायचे, दिवसाला दोन मोजे मनगटाशी फाटायचे. फाटलेला मोजा घालून आम्ल ओतणं किती धोक्याचं, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि हो, निळी_बेझल यांचं वाचून प्रयोगशाळेत बेझल फिरवायचा मोह होईल. काम केलेल्या मोज्यानं घड्याळाला हात लावायचा नाही. कधीच नाही. तेच घड्याळ घेऊन आपण घरी जातो.

निळी_बेझल
ताई, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तरी सकाळी तलावावर बेझल कामाची आहेच ना? मुलांच्या फेऱ्या मोजायला?

रेवा_
एक सुचवू? सात दिवस एक छोटी वही खिशात ठेवा. घड्याळात तारीख बघावीशी वाटली की एक रेघ. काही मोजायची गरज पडली की एक रेघ, आणि पुढे लिहायचं किती सेकंद किंवा मिनिटं मोजायची होती. आपण काय वापरतो असं आपल्याला वाटतं आणि खरंच काय वापरतो, यात पुष्कळ अंतर असतं. मी असंच केलं आणि जीएमटी घ्यायचं रद्द केलं.

पहाटवारा
उत्तम कल्पना. उद्यापासून.

सांजसावली
अवांतर, पण कुणाच्या तरी कामी येईल म्हणून. घड्याळ कुठलंही घ्या, सर्व्हिसिंगला देताना पावतीवर "पॉलिश करू नये" असं लिहून घ्या. मी एका ठिकाणी माझं जुनं सबमरीनर दिलं, तोंडी काहीच बोललो नाही. परत आलं ते आरशासारखं चकचकीत. टोकांची धारदार कड होती, तिथे ऊन पडलं की एक बारीक रेघ चमकायची. ती रेघ गेली, कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या. घासून गेलेलं स्टील परत येत नाही. आठ वर्षं झाली, अजून घड्याळ घालताना पहिली नजर त्या कडेवर जाते.

दोलक
सांजसावली, वाचून वाईट वाटलं. प्रत्येक पॉलिशला धातू कमी होतो. मी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कधीच करत नाही.
यावरून आठवलं. एक्सप्लोररची बेझल गुळगुळीत, चकचकीत स्टीलची आहे. तिच्यावर पहिल्या आठवड्यातच केसासारखे ओरखडे दिसतील, मन घट्ट ठेवा. सबमरीनरची सिरॅमिकची, तिला ओरखडे जवळजवळ पडत नाहीत, पण जोराचा मार बसला तर तडकू शकते, आणि मग ती बदलावीच लागते.

कुंभारमाती
सबमरीनरच्या पट्टा बंद करायच्या कडीबद्दल कुणी बोललंच नाही. ग्लाइडलॉक! २-२ मिमीनं सरकवत २० मिमीपर्यंत पट्टा सैल करता येतो, हत्यार लागत नाही. उकाड्यात मनगट सुजतं तेव्हा किती आराम पडतो ते वापरणाऱ्यालाच कळतं. एक्सप्लोररला फक्त ईझीलिंकची ५ मिमीची एक पायरी. मला विचाराल तर २०२० च्या सबमरीनरमधली सगळ्यात चांगली गोष्ट तिची कडीच आहे.

पहाटवारा
आठवडा झाला. वही समोर घेऊन लिहितोय.

तारीख: नऊ रेघा. फक्त नऊ! मला वाटत होतं दिवसाला पन्नास. प्रत्यक्षात सकाळी नोंदवहीच्या डोक्यावर एकदा तारीख लिहितो आणि दिवसभर बाटल्यांवर तिथूनच उतरवतो. मनगटाकडे बघतच नाही. बीओडीच्या बाटल्या पाचव्या दिवशी काढायच्या असतात, तीसुद्धा तारीख बाटलीवर आधीच लिहिलेली असते.

मोजणं: ४४ रेघा. त्यातल्या ३६ तलावावरच्या, आणि जवळजवळ सगळ्या वीस सेकंद ते दीड मिनिट. एका मुलीची पाय मारण्याची फेरी ३८ सेकंदांवरून ३४ वर आली, तिनं कठड्याला हात लावल्याबरोबर "किती?" म्हणून ओरडून विचारलं. यातलं काहीच बेझलवर मोजलं गेलं नसतं, बेझल मिनिटांची. इथे लागतो तो स्वच्छ दिसणारा सेकंदकाटा. प्रयोगशाळेतल्या मोजणीत सीओडीचे दोन तास मोठे, पण त्या यंत्राला स्वतःचा टायमर आहे.

मग शनिवारी खिशात मोज्यांची नवी जोडी घेऊन दुकानात गेलो. विक्रेत्या बाईंना आधी सगळं समजावून सांगितलं, त्यांनी हसून परवानगी दिली. सबमरीनर घालून मोजा ओढला. कड बेझलपर्यंत आली, खाचेत अडकली, अजून ओढला तर टचकन फाटला. दुसरा मोजा, एक्सप्लोरर. गुळगुळीत कड्यावरून सरकत थेट पट्ट्याच्या पलीकडे जाऊन बसला. ताई, तुम्ही म्हणालात तस्सं. आणि मोज्याच्या निळ्या रबरातून ३, ६, ९ चे आकडे पुसट दिसत होते.

रसायन_ताई
तरी आम्लाच्या बाटल्या उघडताना काढूनच ठेवायचं. मोजा ही दुसरी भिंत, पहिली नाही.

पहाटवारा
हो ताई. खणात नाही, बाहेरच्या खोलीतल्या कपाटात. एक्सप्लोरर ३६ साठी नाव नोंदवून आलो.

निळी_बेझल
मनापासून अभिनंदन! बेझल मी तुमच्या वाटचीही फिरवीन. तरीसुद्धा एकदा तुम्ही सबमरीनर घालून पोहायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

आजोबा६८
अभिनंदन. साठीनंतर तारखेसाठी माझ्याकडे या, मी वाचून सांगेन.

पहाटवारा
नक्की येईन काका.
दोलकदादा, एक शेवटचं विचारतो. पट्टा सैल बसत होता, त्या म्हणाल्या दोन कड्या काढाव्या लागतील. कुठल्या बाजूच्या?

दोलक
आधी एक सहाच्या बाजूची काढायला सांगा. मग घालून हात दहा मिनिटं खाली सोडून ठेवा, रक्त उतरून मनगट थोडं फुगू द्या. पट्टा बंद करायची कडी मनगटाच्या खालच्या बाजूला बरोबर मध्ये येते का ते बघा. सहाच्या बाजूला सरकलेली दिसली तर दुसरी बाराच्या बाजूची काढायची, नाहीतर तीही सहाच्याच. ईझीलिंक बंद ठेवूनच माप घ्या, म्हणजे उकाड्यात ते ५ मिमी हाताशी राहतील. आणि काढलेल्या दोन्ही कड्या डबीत घालून मागून घ्या.